सेव्ह दाबल्यावर

जगात कुठेच नसलेल्या एका कंपनीच्या सेल्स मॅनेजरवर माझा मनापासून राग आहे. कंपनीचं नाव युनिव्हर्सल कंटेनर्स. सेल्सफोर्स म्हणजे कंपन्यांना ग्राहक, विक्री आणि तक्रारी सांभाळायला लागणारं सॉफ्टवेअर. त्याच्या ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षेच्या वाटेला गेलेले लोक हे वाचून आत्ताच मान डोलवायला लागले असतील. इतरांसाठी सांगतो: प्रश्न काढणाऱ्यांना उदाहरणापुरती एखादी कंपनी लागते, म्हणून ही काल्पनिक कंपनी काढलेली आहे. बूट विकणारी क्लाउड किक्स हीसुद्धा त्याच जातकुळीतली. पण खरी मिजास युनिव्हर्सल कंटेनर्सची. या कंपनीनं आजवर एक तरी कंटेनर विकल्याचं माझ्या वाचनात नाही, पण मागण्या बघा. डील मोठं झालं की मॅनेजरला ईमेल हवा. तक्रार दोन दिवस पडून राहिली की वरच्याला कळायला हवं. सवलत जास्त दिली तर कुणाची तरी मंजुरी हवी. आणि हे सगळं आपोआप, कुणी बोट न लावता.

ऑफिसात फतवा निघाला की अमुक तारखेच्या आत प्रत्येकानं एक तरी सर्टिफिकेशन करायचं. कारण कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. पुढची तिमाही माझी मुलगी रात्री जेवणं झाल्यावर मला प्रश्न विचारायला बसू लागली. तिला या प्रकारात शिक्षिका होण्याचा जो आनंद मिळत होता, त्याचा मी अजून बदला घेतलेला नाही.

"बाबा, या मॅनेजरला उठून शेजारच्या टेबलापर्यंत जाता येत नाही का? विचारायचं सरळ, डील किती झालं म्हणून."

"येईल की. पण तो पर्याय दिलेला नाही."

"मग 'यांपैकी कोणतेही नाही' कर."

"तोही दिलेला नाही."

तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यात कीव होती.

तसं ऑटोमेशन म्हणजे काय, हे एका दमात सांगता येतं. अमुक घडलं, तमुक अट जुळली, तर ढमुक कर. पहिल्या रात्री एवढं समजल्यावर माणूस निवांत झोपतो. मग हळूहळू लक्षात येतं की खरी गोम अट नेमकी केव्हा जुळली म्हणायची, यात आहे.

समजा, ग्राहकाच्या तक्रारीची नोंद आहे आणि तिची प्रायॉरिटी 'हाय' असली की मॅनेजरला ईमेल जावा असा फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी, लावलाय. सकाळी ग्राहक फोनवर ओरडला, आपण प्रायॉरिटी हाय केली, सेव्ह दाबलं, ईमेल गेला. इथवर सगळे खूश. थोड्या वेळानं कुणाला तरी वर्णनात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली. ती सुधारून सेव्ह. ईमेल गेला. मग कुणी ग्राहकाचा दुसरा फोन नंबर भरला. ईमेल गेला. यात यंत्राचा काय दोष? त्याला प्रत्येक सेव्हला एवढंच विचारायला सांगितलंय की प्रायॉरिटी हाय आहे का? आहे. मग पाठव.

फ्लो लावायच्या खिडकीत खाली आणखी एक पर्याय असतो: नोंद बदलल्यामुळे अट नव्यानं जुळली असेल तरच. म्हणजे आधी हाय नव्हती आणि आता झाली, तरच ईमेल. मग वेलांट्या दिवसभर सुधारत बसा, मॅनेजर शांत. पण दुपारी कुणी दयाळूपणानं प्रायॉरिटी 'मीडियम' केली आणि संध्याकाळी ग्राहक पुन्हा ओरडल्यावर ती परत 'हाय' झाली, तर ईमेल पुन्हा जातो. अट पुन्हा नव्यानं जुळली ना! यावर प्रश्न येतो: दिवसअखेर मॅनेजरला किती ईमेल आले? माणूस म्हणून माझं उत्तर असतं की त्यानं दुपारीच नोटिफिकेशन बंद केलं असेल. हाही पर्याय दिलेला नसतो.

वेळेच्या भानगडीनं मात्र मला जिंकलं. डील पूर्ण होण्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी आठवण करून दे, असं शेड्यूल्ड पाथ (फ्लोची ठरल्या वेळी चालणारी फांदी) लावून फ्लोला सांगता येतं. तारीख पुढे ढकलली की आठवणही आपसूक पुढे सरकते. डील मध्येच आटोपलं आणि अट जुळेनाशी झाली, तर रांगेत थांबलेली आठवण गुपचूप रद्द होते. माणसांच्या ऑफिसात एवढा समजूतदारपणा मी पाहिलेला नाही. आमच्याकडे रद्द झालेल्या मीटिंगची आठवण मीटिंगपेक्षा जास्त निष्ठेनं येते.

आता ऑटोमेशनची हत्यारं. सगळ्यात जुनं वर्कफ्लो रूल. त्याला चारच कामं जमत: फील्ड (नोंदीतला एखादा रकाना) बदलणं, ईमेल पाठवणं, टास्क लावणं आणि बाहेरच्या सिस्टिमला आउटबाउंड मेसेज धाडणं. मग आला प्रोसेस बिल्डर, तो नव्या नोंदीही करायचा, पण डिलीट करणं त्याला जमलं नाही. फ्लो ते सगळं करतो आणि डिलीटही करतो. पहिल्या दोघांचं आधी नवं काही बनवणं बंद झालं आणि ३१ डिसेंबर २०२५ ला त्यांचा सपोर्टही संपला. म्हणून ते अभ्यासातून गेले म्हणावं, तर तसंही नाही, कारण जुन्या ऑर्गमध्ये, म्हणजे एखाद्या कंपनीच्या सेल्सफोर्समध्ये, वर्षानुवर्षांपूर्वी लावलेले रूल अजून इमानानं फील्ड बदलत बसलेले असतात आणि ते लावणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. त्यात फुकट फिरणारे जुने प्रश्नसंच. एकाच प्रश्नाला एका संचात उत्तर वर्कफ्लो रूल, दुसऱ्यात प्रोसेस बिल्डर, तिसऱ्यात फ्लो. तिन्ही उत्तरं आपापल्या साली बरोबर होती.

पण माझी झोप उडवली ती 'ऑर्डर ऑफ एक्झिक्यूशन'नं, म्हणजे कुठला नियम कुणाच्या आधी चालतो त्या क्रमानं. वापरणारा माणूस सेव्ह दाबतो आणि त्याला वाटतं, झालं सेव्ह. आत मात्र मिरवणूक निघालेली असते. पुढे नोंद जतन होण्याआधी चालणारे फ्लो, त्यांच्या मागे अपेक्सचे (सेल्सफोर्सच्या प्रोग्रामिंग भाषेतले) बिफोर ट्रिगर, म्हणजे जतन होण्याआधी आपोआप चालणारा कोड, मग व्हॅलिडेशन रूल, मग तीच नोंद दुसऱ्यांदा येतेय का पाहणारे डुप्लिकेट रूल. नोंद डेटाबेसमध्ये जाते, पण पक्की होत नाही. मग आफ्टर ट्रिगर, असाइनमेंट रूल, ऑटो-रिस्पॉन्स रूल, वर्कफ्लो रूल, एस्केलेशन रूल, आणि बऱ्याच मागे नोंद जतन झाल्यानंतरचे फ्लो. सगळ्यांचं समाधान झालं की नोंद पक्की होते आणि त्यानंतर ईमेल सुटतात. म्हणूनच त्याच नोंदीतलं एखादं फील्ड बदलायचं असेल, तर फ्लो मिरवणुकीच्या तोंडाशीच लावावा. नोंद जतन व्हायचीच आहे, तिच्यातच बदल होऊन जातो, वेगळं सेव्ह लागत नाही. हे सुमारे दहापट जलद पडतं असं सेल्सफोर्सच सांगते.

यातली एक गोष्ट कळली तेव्हा मी मुलीला झोपेतून उठवून सांगणार होतो. व्हॅलिडेशन रूल हा पुढच्या दारावरचा रखवालदार. सवलत ठरल्यापेक्षा जास्त भरली की तो हटकतो, नोंद आत येऊ देत नाही. पण वर्कफ्लो रूलनं नंतर आतल्या आत तेच फील्ड बदलून सवलत हवी तेवढी केली, तर व्हॅलिडेशन रूल पुन्हा तपासायला येतच नाही. अपेक्सचे ट्रिगर पुन्हा एकदा चालतात, रखवालदार नाही! म्हणजे माणसाला जे भरायला बंदी, ते नियमाला बिनदिक्कत भरता येतं. सकाळी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हे मोठ्या लोकांनीच बनवलंय."

नावांचा गोंधळ वेगळाच. तक्रार कुणाच्या गळ्यात पडावी हे असाइनमेंट रूल ठरवतो, ग्राहकाला 'आपली तक्रार मिळाली' असं गोड बोलणं ऑटो-रिस्पॉन्स रूलचं काम, आणि ठरलेल्या वेळेत कुणी काहीच केलं नाही तर बोंब ठोकणं एस्केलेशन रूलचं. मंजुरीसाठी ॲप्रूव्हल प्रोसेस. तिथे पाठवली की नोंद कुलूपबंद, आणि मंजुरी देणारे साहेब रजेवर. त्यासाठी डेलिगेटेड ॲप्रूव्हर, म्हणजे त्यांच्या वतीनं मंजुरी देणारा, नेमायची सोय आहे, हे त्या साहेबांना ठाऊक नसतं, पण परीक्षार्थीला ठाऊक असावं लागतं.

फ्लोला फॉल्ट पाथ, म्हणजे चूक झाली तर घ्यायची वाट, दिलेला नसेल आणि तो मध्येच अडला, तर वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर येणारा निरोप मला पाठ आहे: काही तरी बिघडलंय, अधिक माहितीसाठी आपल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. ज्याच्याशी संपर्क साधायचा तो प्राणी होण्यासाठीच तर माणूस ही परीक्षा देत असतो.

प्रश्न सोडवण्याची मात्र एक रीत हाती लागते. अपेक्समध्ये कोड लिहा असा पर्याय दिसला की समजावं, हा प्रोग्रामरांना अडकवायला लावलेला सापळा. ॲडमिनिस्ट्रेटरनं क्लिकवर भागवायचं असतं. त्याहून लबाड प्रश्न म्हणजे ज्यांत ऑटोमेशनच नको असतं. दोन फील्डची बेरीज दाखवायला फ्लो कशाला, स्वतःच हिशोब करून दाखवणारं फॉर्म्युला फील्ड पुरतं. पण दोन महिने फ्लो घोकलेल्या माणसाचा हात फॉर्म्युला फील्डकडे जाता जात नाही.

परीक्षेत ६० प्रश्न, १०५ मिनिटं, पास व्हायला ६५ टक्के. काही प्रश्नांत दोन-तीन उत्तरं निवडायची असतात, आणि त्यांतलं एक जरी चुकलं तरी अर्धा गुण वगैरे काही नाही, अख्खा प्रश्न गेला. शिवाय पाचपर्यंत जादा प्रश्न असे असतात की ज्यांना गुणच नसतात, आणि ते कुठले हे सांगत नाहीत.

मी पास झालो. माझ्याबरोबर बसलेला सहकारी शांतपणे बाहेर आला आणि म्हणाला की त्याला जे प्रश्न आले नाहीत, ते सगळे त्या बिनगुणांच्या पाचांतलेच होते. आम्ही एकेक आठवत मोजायला बसलो. ते सत्तावीस भरले. तरी त्याचं म्हणणं ठाम होतं, फक्त त्या पाचांत नेमके कोणते धरायचे यावर आमचं एकमत होईना.