मेगर न काढता मेगओहम कसे लिहावेत

न्हावा शेव्याला जहाज लागलंय आणि उद्या तुम्ही इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून चढताय. नेरूळहून निघताना आईने भाजणी, चिवडा बांधून दिलाच असेल; माझीही थोडी शिदोरी असू द्या.

दर महिन्याला जहाजावरच्या मोटरींच्या इन्सुलेशनचे, म्हणजे तारांवरच्या वीजरोधक आवरणाचे, आकडे मेगओहममध्ये रजिस्टरमध्ये भरायचे असतात; जितके जास्त तितकं बरं. भोळा माणूस काय करतो? ब्रेकर पाडतो, टाळं ठोकतो, पाटी अडकवतो, टर्मिनल बॉक्सचे गंजलेले बोल्ट पिळतो, ४४० व्होल्टच्या मोटरीला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून मिनिटभर उभा राहतो आणि शेवटी वायंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, अर्थला टेकवून डिस्चार्जही करतो. अशा पन्नास-साठ मोटरी! तुम्ही कंट्रोल रूमच्या एसीत बसा, मागच्या महिन्याचं पान काढा, आकडे उतरवा. तारीख तेवढी नवी.

मात्र सगळीकडे २०० लिहू नका, ते नवशिक्याचं लक्षण. कुठे १८०, कुठे २१०. हात जरा सैल हवा. तापमानाचा रकाना कोराच ठेवा. वायंडिंग दहा अंशांनी तापलं की इन्सुलेशनचा रेझिस्टन्स साधारण निम्म्यावर येतो. तापमान लिहिलंत तर उद्या कुणीतरी शहाणा हिशेब करून मागचे महिने ताडून बघेल आणि मोटर हळूहळू खाली चाललीय हे त्याला कळेल. मग ती उघडा, सुकवा, वार्निश करा. नसती ब्याद!

डेकवरच्या विंडलासच्या, म्हणजे नांगर ओढणाऱ्या यंत्राच्या, मोटरीकडे तर फिरकूच नका. मी एकदा फिरकलो. झाकण काढलं तर आत पाण्याचे थेंब, टर्मिनलवर मिठाचा पांढरा थर आणि मोटर कोरडी ठेवणारा स्पेस हीटर कधीचा मेलेला. किमान १ मेगओहम तरी हवा, मेगर म्हणाला ०.३. रजिस्टरमध्ये सलग अकरा महिने, तिघांच्या तीन अक्षरांत, १५०. मी खरा आकडा लिहिला, तर चीफ इंजिनिअर कळवळून म्हणाले, "अरे, इतकी वर्षं चांगली होती रे मोटर. तू हात लावलास आणि बिघडली!"

जहाज तपासायला आलेल्या सर्व्हेअरने समोर टेस्ट मागितलीच, तर त्याला आतल्या, कोरड्या जागेतल्या एखाद्या पंख्याच्या मोटरीपाशी न्या. वाटेत चहा पाजा. आणि मेगरमधले दोन सेल आधी मेसच्या टीव्ही रिमोटमधून परत काढून आणा.