साडेतीन वर्षांची पोर आणि गोल्फ

बडोद्यात मूल दोन पायांवर उभं राहिलं की त्याच्या हातात काय द्यायचं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. बॅट द्यायची. विजय हजारे बडोद्याकडून खेळले, मग किरण मोरे, नयन मोंगिया, मग पठाण बंधू, मग पंड्या बंधू. एवढी परंपरा पाठीशी असल्यावर दांडिया बाजारातल्या आजोबांनी दुसरं काही आणायचं म्हणजे पापच की!

म्हणून आमच्या नातीच्या हातात प्लास्टिकची गोल्फची काठी दिसली तेव्हा आजूबाजूला जरा खळबळ झाली. समोरच्या ओट्यावरून प्रश्न आला, "काका, आ तो शेठलोकोनी रमत छे, तमे क्यांथी?" (हा तर शेठलोकांचा खेळ, तुम्ही त्यात कुठून?) आमच्या वहिनींनी तर थेट सुनावलं, "भावजी, त्यापेक्षा पेटी-तबल्याला घाला तिला, निदान गणपतीत आरतीला उपयोग होईल." आणि उलट टोकाचेही भेटले. "वा! आत्तापासून तयारी? कोच कोण?"

दोन्ही पक्षांना एकदाच काय ते उत्तर देतो, म्हणजे मी सुरसागर तलावावर फिरायला मोकळा. तीन-चार वर्षांच्या मुलाला गोल्फ जरूर खेळू द्यावं. गोल्फचा क्लास मात्र अजिबात लावू नये.

आधी शेठलोकांचं बघू. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराज प्रतापसिंहरावांनी १९३० च्या दशकात गोल्फचं मैदान करून घेतलं ते युरोपियन पाहुण्यांसाठी, हे खरंच आहे. आमच्या पिढीला त्यातलं दिसायचं ते एवढंच, की भिंतीपलीकडे भरपूर हिरवळ आहे आणि आपण भिंतीच्या अलीकडे आहोत. १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते मैदान नव्याने तयार करून लोकांसाठी खुलं केलं. ते स्वतः रणजी खेळलेले, म्हणजे बघा, इथे गोल्फसुद्धा क्रिकेटवाल्याच्याच हातून परत आला. त्याच आवारात महाराजा फतेसिंह म्युझियम आहे. ती इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती आणि राजवाड्याच्या आमराईतून मुलांसाठी छोटी आगगाडी फिरायची. तिचं इंजिन म्युझियमपाशी ठेवलेलं आहे. राजवाड्यातल्या पोरांनासुद्धा शाळेकडे न्यायला आधी खेळणं लागलं, हे त्या इंजिनापाशी उभं राहिलं की माझ्या मनात येतंच.

खर्चाचं म्हणाल तर मेंबरशिप, बूट, चौदा क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, पिशवी हे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही, मान्य. एवढ्या हिरवळीला लागणाऱ्या पाण्यावरही मी वाद घालू शकतो, पण तो दुसऱ्या पोस्टचा विषय. साडेतीन वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागत नाही. त्याला लागते गच्ची, एक बादली, आणि घाईत नसलेलं घरातलं एक माणूस. तिसरी वस्तू सगळ्यात महाग, आणि आमच्या घरी ती निवृत्त होऊन बसलेलीच आहे.

आता गोल्फच का. तर मला विचाराल तर या वयाला क्रिकेटपेक्षा गोल्फ जास्त मानवतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. तो कुठे येईल, कधी येईल, हे डोळ्यांनी जोखून त्याच क्षणी हात फिरवायचा, ही जुळणी साडेतीन वर्षांच्या मुलाकडे नसते, ती पुढे हळूहळू येते. मग आपण काय करतो? दोन हातांवरून हळूच चेंडू टाकतो, पोर बॅट फिरवतं तोवर चेंडू मागे गेलेला असतो, आणि आपण "अरे वा, काय शॉट मारला!" म्हणून टाळ्या पिटतो. पोराला कळतं हो. त्याचा चेहरा बघा एकदा.

गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर बसून वाट बघतो. लागला तर लागला, नाही तर तो तिथेच आहे. कुणी आउट नाही, कुणाचा डाव गेला नाही, टाकणारा दादा कंटाळून घरी गेला नाही. काठी फिरवली, चेंडू हलला, आपण त्याच्यामागे चालत गेलो, पुन्हा मारला. या वयाच्या मुलाला एवढीच गंमत हवी असते: मी काहीतरी केलं आणि त्यामुळे काहीतरी झालं. आणि चेंडू बादलीत गेला की जो आवाज येतो, त्यासाठी आमची नात दुधाचा पेला अर्धा टाकून उठते.

बादली, कारण खरं भोक या वयाला फारच लहान. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटर रुंद आणि चेंडू कमीत कमी ४२.६७ मिलिमीटरचा. भल्याभल्यांचे तीन फुटांवरून हुकतात. आमची बादली आडवी ठेवलेली असते, आणि नात एक पाऊल मागे सरकली की ती आम्ही गुपचूप थोडी वळवून देतो. चेंडूही खरा नाही. खरा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण इतका कडक की खिडकीची काच आणि शेजारधर्म दोन्ही एकदमच जातील. फोमचा चेंडू घ्या. तो नसेल तर जुन्या मोज्यांची गुंडाळी चालते.

काठीबद्दल मात्र एक कळकळीची विनंती. कुणाच्या तरी काकांचा जुना क्लब आणून करवतीने कापू नका. लांबी कमी होते, पण खालच्या टोकाचं वजन तेवढंच राहतं आणि दांडा आणखी ताठ होतो. मग ते लेकरू हाताने न मारता कंबर मागे टाकून सगळं अंग ओढतं. तीच ओढ पुढे सवय होते, आणि नंतर कोच पैसे घेऊन ती सोडवत बसतो. आधी प्लास्टिकची, रुंद तोंडाची काठी द्यावी. खऱ्या छोट्या क्लबची वेळ आलीच तर तो मुलाच्या वयावर नाही, उंचीवर घ्यायचा.

धरायचं कसं? दहाही बोटांनी, जसं जमेल तसं. बोटं एकमेकांत अडकवायची पद्धत वगैरे नंतर. आमची नात कधीकधी उलटी उभी राहून डावऱ्या बाजूने मारते. मुलगा लगेच दुरुस्त करायला धावला, त्याला मी फिल मिकेलसनची गोष्ट सांगून बसवलं. हा अमेरिकन गडी बाकी सगळ्या कामांत उजवा. पण तान्हेपणी वडिलांच्या समोर उभा राहून तो त्यांची नक्कल करायचा, त्यामुळे त्यांचं उजवं ते याचं डावं झालं. जन्मभर डावखुरा खेळला आणि सहा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या, स्पर्धा जिंकला.

नक्कल. सगळा मामला तिथेच आहे, आणि क्लासवाल्यांशी माझं भांडण तेवढंच आहे.

लहान मुलांच्या क्लासची जाहिरात निघाली की त्यात टायगर वूड्स असतोच. १९७८ मध्ये दोन वर्षांचा टायगर अमेरिकन टीव्हीवर माइक डग्लसच्या कार्यक्रमात आला, विनोदी नट बॉब होपसमोर खेळला, पुढे १९९७ मध्ये एकविसाव्या वर्षी बारा फटक्यांच्या फरकाने मास्टर्स ही मेजर स्पर्धा जिंकला. आईबाप एवढंच बघतात आणि दोन वर्षांच्या पोराला टोपी घालतात. त्याच्या आधीचं कुणी बघत नाही. वडील अर्ल गॅरेजमध्ये जाळीत चेंडू मारायचे आणि हे पोर उंच खुर्चीत बसून टक लावून बघायचं. कुणी त्याला बघ म्हणून सांगितलं नव्हतं. बाप आपल्या नादात होता, एवढंच. (अर्लने पुढे त्या पोराला किती रगडलं, त्यावर मला वेगळं बोलायचं आहे, पण ते बोललो तर जाहिरातवाले म्हणतील बघा, फळ मिळालंच ना.)

आपल्याकडची उदाहरणं तर याहून चांगली आहेत. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता. लोकांच्या पिशव्या उचलता उचलता खेळ डोळ्यांनी उचलला आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. त्याआधी कुठल्याही भारतीय व्यावसायिकाला ते जमलं नव्हतं. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखायचे. १८२९ सालचा क्लब तो, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा त्याच मैदानाच्या कडेला वाढला, आणि भोकाजवळच्या छोट्या फटक्यांत इतका तयार झाला की लोक त्याला 'चिपपुटसिया' म्हणायला लागले. या दोघांनाही कुणी चौथ्या वर्षी 'फाउंडेशन कोर्स'ला घातलं नव्हतं.

आणि आपली अदिती अशोक. बंगळुरूत नाश्त्याला जायच्या त्या हॉटेलातून गोल्फचं मैदान दिसायचं. पाच वर्षांच्या पोरीने विचारलं, तिकडे काय चाललंय? आईबाप तिला घेऊन गेले. घरात आधी कुणी खेळलेलं नव्हतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ती १८ वर्षांची होती, वडील तिची पिशवी घेऊन चालत होते. टोकियोला आई होती. ७ ऑगस्ट २०२१ ची ती सकाळ आठवते का? गोल्फमधलं ओ की ठो न कळणारी माणसं डोळे चोळत टीव्हीसमोर बसली होती. एका फटक्याने ब्राँझ हुकलं, चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सोनं आलं आणि अदिती मागे पडली, याची मला अजून हळहळ आहे. सांगायचं ते हे, की सुरुवात पोरीच्या प्रश्नापासून झाली. आईबापांनी फक्त नाही म्हटलं नाही.

व्यायामशाळेतही असंच होतं. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात माझ्या पिढीतला व्यायामशाळेत न गेलेला मराठी मुलगा विरळाच. आमच्याकडे चिल्ल्यापिल्ल्यांना मल्लखांबाला लगेच हात लावू देत नसत. मातीत कोलांट्या मारा, पळा, मोठ्या मुलांना तेल लावून द्या, त्यांची पकड बघत बसा. बघून बघून हात शिवशिवायला लागायचे. मग एक दिवस कुणीतरी "चढ रे" म्हणायचं, आणि तोवर निम्मी पकड डोळ्यांतून अंगात उतरलेली असायची.

आता हल्लीचं ऐका. मुलाच्या आग्रहाखातर आम्ही नातीला एका ठिकाणी चिमुकल्यांच्या शिबिराला नेलं. नाव घेत नाही. रंगीत टोपी, नावाचा बिल्ला, ओळीने उभी केलेली दहाबारा पोरं. एकाने मारायचं, बाकीच्यांनी हाताची घडी घालून थांबायचं. शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि आईबापांना फोटो. आमच्या बाईसाहेबांनी त्या वेळात गवतातला एक गोगलगाय शोधून काढला आणि घरी येताना फक्त त्याच्याबद्दल बोलल्या. शिबिरातलं सगळ्यात चांगलं शिक्षण तेवढंच झालं असावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा सांगते, की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा. इथे आपण बेचाळिसाव्या महिन्यात 'करिअर' म्हणतो.

एका बाबतीत मात्र मी शिबिरवाल्यांहून कडक आहे, आणि तिथे आजोबा लाड करत नाहीत. काठी फिरते तेव्हा मागे किंवा बाजूला आलेल्या दुसऱ्या मुलाचं डोकं नेमकं तिच्या उंचीला असतं. गोल्फ क्लब लागून लहान मुलांच्या कवटीला खोक पडल्याच्या दुखापती डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घराच्या अंगणातल्या. त्यामुळे गच्चीवर खडूने रिंगण आखलेलं आहे. रिंगणात एकच माणूस आणि एकच काठी. बाकीचे समोर, लांब, तिला दिसतील असे. चेंडू आणायला जायचं तर काठी रिंगणातच ठेवायची. मला वाटलं होतं पोर कंटाळेल. पण मुलांना नियम आवडतात, फक्त ते सगळ्यांना सारखे हवेत. परवा मी काठी हातात घेऊन रिंगणाबाहेर पाय टाकला तर मलाच ओरडा बसला, "आबा, काठी खाली!"

बाकी वेळापत्रक वगैरे नाही. दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून कमी. तिचं लक्ष कबुतरांकडे गेलं की खेळ संपला, ओढून आणायचं नाही. मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की सकाळचाच काय तो वेळ. पावसाळ्यात खाली चटई अंथरून, पलंगाखालून चेंडू पलीकडे काढायचा. लांब मारण्याचा हट्ट मोठ्यांनी सोडावा. भोकाजवळून सुरुवात करून हळूहळू मागे सरकायचं असतं. लांब टोल्यांचे व्हिडिओ छान येतात, म्हणून सगळे त्याच्याच मागे असतात.

आणि तिला उद्या यातलं काहीच नको वाटलं, तर काठी माळ्यावर जाईल. वहिनींची पेटी आहेच.

कोचचा नंबर मागणाऱ्यांना सांगतो, मूल सात-आठ वर्षांचं झालं आणि स्वतः होऊन "मला रेंजवर न्या" (म्हणजे सरावाच्या मैदानावर) म्हणून मागे लागलं, तर जरूर विचारा, मीही चौकशी करीन. तोवर माझ्याकडे देण्यासारखा पत्ता आमच्या गच्चीचाच आहे. रविवारी या, पोरांना घेऊन या, पण साडेसातच्या आत. नंतर फरशी तापते आणि आमची खेळाडू पोह्यांसाठी खाली पळते.