लायकाची लेन्स, पॅनासॉनिकची बॉडी: खुलासा

'लायकाची एसएल लेन्स पॅनासॉनिकच्या बॉडीवर लावली की ऑटोफोकस जातो, वर अ‍ॅडॅप्टरही लागतो' असं फिरतंय (अ‍ॅडॅप्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी यांच्या मधली जोडकडी). चूक आहे. 2018 साली लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा या कंपन्यांनी एल-माउंट युती जाहीर केली, त्यामुळे माउंट (लेन्स बॉडीवर जिथे बसते तो जोड) एकच. एसएल लेन्स पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स एस५ कॅमेऱ्यावर थेट बसते, ऑटोफोकस चालतो, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) बॉडीवरूनच बदलतं.

गोंधळ बहुधा लायकाच्याच वेगळ्या माउंटच्या एम लेन्समुळे झालाय. तिला अ‍ॅडॅप्टर लागतोच आणि फोकसची रिंग हातानेच फिरवायची. (त्यातच खरी मजा, पण लग्नाच्या मांडवात नाही!) लायकाची टीएल लेन्स बसते, मात्र ती लहान सेन्सरसाठी असल्याने फ्रेम कापली जाते: 24 मेगापिक्सेलचे उरतात साधारण साडेदहा. आणि पॅनासॉनिकच्या ज्या मायक्रो फोर थर्ड्स लेन्सवर 'लायका डीजी' लिहिलेलं असतं, ती नाव बघून घेऊ नका. मायक्रो फोर थर्ड्स हे वेगळंच माउंट आहे, ती एल-माउंटवर बसणारच नाही.