आंबा घाटात लायनर सुटल्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

आंबा घाट उतरताना पिकअपच्या मागच्या चाकातला आमचा ब्रेक लायनर (फिरत्या ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) सुटला आणि गाडी जेमतेम थांबली, असं तुम्ही लिहिलंय. कुणाला इजा झाली नाही हे वाचून हायसं वाटलं. पण 'गोंदानं चिकटवलेला माल, रिव्हेटचाच (धातूच्या खिळ्यांनी बसवलेला) खरा' हे तुमचं म्हणणं पटत नाही. ब्रेकचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. लायनर गेलाय तिथं शूचा (लायनर ज्यावर चिकटवतात त्या लोखंडी कमानीचा) पत्रा उघडा पडलेला नाही, लायनरचाच खरबरीत थर सगळीकडे चिकटून आहे. जोड सुटला असता तर पत्रा स्वच्छ दिसला असता. इथं जोड टिकलाय, लायनर फाटलाय. आम्ही शूचं तेल काढून शॉट ब्लास्ट करतो (बारीक पोलादी गोळ्या मारून पत्रा खरबरीत करतो), फिनॉलिक अ‍ॅडेझिव्ह (उष्णतेनं पक्का होणारा गोंद) लावतो आणि दाबून धरून भट्टीत 180 अंशांच्या आसपास भाजतो. मग प्रत्येक लॉटमधले काही शू प्रेसवर घेऊन लायनर मुद्दाम तोडतो. तिथं पत्रा उघडा दिसला, की तो लॉट भंगारात.

फाटला का? फोटोत चाकातल्या ब्रेक सिलिंडरच्या (शू ड्रमवर ढकलणाऱ्या भागाच्या) बाजूचं टोक काळं, ओलं दिसतंय. सिलिंडरचं रबर गेलं की ब्रेक ऑइल लायनरवर उतरतं. भिजलेला लायनर पकडत नाही, आपण पाय अजून दाबतो, उष्णता वाढत जाते आणि लायनरला आतून बांधून ठेवणारं रेझिन जळून लायनर ठिसूळ होतो. एवढ्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच हवी, तेही सांगून ठेवतो.

रिव्हेट वाईट नाही. ट्रक-बसच्या जाड लायनरला तोच योग्य, शू पुन्हा वापरता येतो. छोट्या गाडीच्या पातळ लायनरला मात्र भोकं पाडली की भरवशाची जाडी कमी होते, आणि तो झिजला की रिव्हेटचं डोकं ड्रम खातं.

'जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बरा होता' असंही तुम्ही म्हणता. तो आम्ही कितीही मागणी आली तरी करणार नाही. गॅरेजमधली पोरं हवेनं ड्रम साफ करतात, ती अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ त्यांच्या छातीत जाते आणि कॅन्सर होऊ शकतो. युरोपीय संघानं तो 2005 पासून बंद केलाय.

दोन्ही शू न धुता कारखान्यात आणा. उरलेला लायनर तुमच्यासमोर प्रेसवर तोडू. पत्रा उघडा पडला तर पूर्ण पैसे परत. तोवर सिलिंडर बदलल्याशिवाय कुणाचाच नवा लायनर बसवू नका, आणि बसवाल तेव्हा मागच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला.