पदकाची कड वाचा

"हे शौर्याचं आहे, की नुसतं तिथे होते म्हणून मिळालेलं?"

घरात जपून ठेवलेलं युद्धातलं पदक कुणी बाहेर काढलं, की पाहणाऱ्याचा हा प्रश्न ठरलेला. "मोहिमेत होते म्हणून मिळालं" असं उत्तर आलं की चेहऱ्यावरचं कुतूहल विझतं. "म्हणजे सगळ्यांनाच मिळालेलं!" आणि पदक परत डबीत. मला हे फार लागतं. सगळ्यांना मिळालं, यातच त्या पदकाचं मोल आहे असं मी मनापासून मानतो.

कारण ही 'सगळ्यांना' वाली गोष्ट सहजासहजी घडलेली नाही. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी पदकं पाडली, पण धातू हुद्द्याप्रमाणे. वरच्यांना सोनं, मग सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, मग ब्राँझ, आणि साध्या शिपायाच्या वाट्याला कथील. तटाला भिडलेला माणूस तोच, कथीलही त्यालाच.

1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने पहिल्यांदा सर्व हुद्द्यांना एकच चांदीचं पदक दिलं. सुमारे 39 हजार पदकं, आणि प्रत्येकाच्या कडेवर त्या त्या सैनिकाचं नाव उमटवलेलं. सरदाराचं जसं, तसंच बंदूक खांद्यावर घेऊन चिखलात उभ्या असलेल्या प्याद्याचं. ज्याचं नाव आजवर फक्त पलटणीच्या हजेरीपटात होतं, त्याचं नाव राज्यकारभार पाहणाऱ्या राजपुत्राची मुद्रा असलेल्या चांदीवर आलं. मला ही घटना कुठल्याही विजयाइतकी मोठी वाटते.

पण त्याआधी वर्षानुवर्षं स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढलेल्या साध्या शिपायांना सरकारकडून काहीच मिळालं नव्हतं. त्यांच्या पदकाला मंजुरी मिळाली 1847 मध्ये, म्हणजे ते युद्ध संपून 33 वर्षं उलटल्यावर. तेही हयात असलेल्यांनाच, आणि स्वतः अर्ज केला तरच. वाट पाहत गेलेल्यांचं काय, याला उत्तर नाही.

पहिल्या महायुद्धात ही समानता पुढे गेली आणि अडखळलीसुद्धा. ब्रिटिश वॉर मेडलची सुमारे 65 लाख चांदीची पदकं निघाली. पण खंदक खणणारे, रस्ते बांधणारे, जहाजांवरून माल उतरवणारे भारतीय, चिनी आणि माल्टाचे मजूर होते, त्यांच्यासाठी तेच पदक ब्राँझमध्ये पाडलं. छाप तीच, रिबन तीच, धातू मात्र हलका. ते ब्राँझचं पदक पाहिलं की मला आजही राग येतो. त्याच युद्धातल्या मृतांच्या घरी मात्र एक मोठी गोल ब्राँझची चकती पाठवली गेली. तिच्यावर नाव होतं, हुद्दा नव्हता. बलिदानात लहानमोठं नको म्हणून तो मुद्दाम गाळला होता. हे ज्यांना मेलेल्यांच्या बाबतीत सुचलं, त्यांना जिवंत मजुरांच्या बाबतीत का सुचलं नाही?

रिबनबद्दलही थोडं सांगायलाच हवं, कारण लोक तिला नुसती रंगीत पट्टी समजतात. दुसऱ्या महायुद्धातल्या आफ्रिका स्टार या मोहिमेच्या पदकाची रिबन फिकट वाळूच्या रंगाची आहे, कारण ते युद्ध वाळवंटात झालं. मधला लाल पट्टा पायदळ-तोफखान्याच्या लष्कराचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. बर्मा स्टारच्या रिबनमधला नारिंगी पट्टा सूर्याचा. माणूस कुठल्या आभाळाखाली होता, हे बोटभर कापडावर वाचता येतं. आपल्याकडे 1971 च्या युद्धाचे 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' तर पूर्वेची की पश्चिमेची, ही आघाडी नावातच सांगतात.

यात शौर्यपदकांना कमी लेखण्याचा हेतू अजिबात नाही. परमवीर चक्र आजवर फक्त 21 जणांना मिळालं आणि त्यातले 14 जण ते घ्यायला हयात नव्हते. त्यापुढे मान आपोआप झुकते. पण शौर्यपदकाला साक्षीदार लागतो. कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं, पाहणारा जगावा लागतो, आणि त्याने ते कागदावर आणावं लागतं. जिथे अख्खी तुकडीच संपली, तिथे काय घडलं हे सांगायला कोण उरलं? अशा ठिकाणी मागे राहतं ते फक्त मोहिमेचं पदक. त्यामुळे मोहिमेच्या पदकाला 'फक्त सेवा पदक' म्हणणंच मला मान्य नाही.

म्हणून कळकळीने सांगतो. घरात असं पदक असेल तर त्याला चिंच-राख-पॉलिश काही लावू नका. घासून घासून कडेवरची अक्षरं झिजतात. एकाच माणसाची तीन-चार पदकं असतील तर भावंडांत एकेक वाटून टाकू नका, ती एकत्रच बोलतात. आणि चांदीच्या भावाने विकू तर मुळीच नका. 1980 च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा वर उल्लेख केलेली वॉर मेडलं मोठ्या संख्येने वितळवली गेली. प्रत्येक पदकाबरोबर एक नाव गेलं, आणि ते पुन्हा पाडता येत नाही.

उजेडात न्या, भिंग घ्या आणि कड हळूहळू फिरवा. पहिल्या महायुद्धातल्या पदकावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमाने अक्षरं लागतील. ताऱ्याच्या आकाराचं 1914-15 चं पदक असेल तर त्याला कड नसते, ते उलटं करा. मजकूर पाठीवर आहे. जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका. लष्कराच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं ते, आणि जुन्या नोंदींमध्ये तो माणूस त्याच चुकलेल्या नावाने सापडतो.