दोन हॉलमधल्या दुतर्फा आवाज-चित्राच्या जोडणीबद्दलच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायात चार तक्रारी आहेत. कार्यक्रमात व्यासपीठाचा आवाज तुटत राहिला, छोट्या हॉलमधून प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता, लहानसहान बदलालाही आमचा माणूस बोलवावा लागतो, आणि नेटवर्कची उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या स्विचवर एवढा खर्च कशाला. इतर सभागृहांनाही उपयोग व्हावा म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

आवाज तुटण्याचं कारण आपण जोडलेल्या फोटोतच आहे. रॅकमधला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच निघून त्या जागी आठ पोर्टचा साधा पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच आला आहे. पीओईमुळे एव्हिओ अडॅप्टरना (माइक आणि ॲम्प्लिफायर डांटेला, म्हणजे नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या प्रणालीला, जोडणाऱ्या छोट्या उपकरणांना) वीज मिळाली, दिवे लागले, माइक सुरू झाले. सगळं ठीक आहे असं वाटणं साहजिक होतं. पण त्याच स्विचवरून कॅमेऱ्याचं चित्रही जातं. एकच चित्र तीन पडद्यांना द्यायचं असल्यानं एनडीआय (नेटवर्कवरून चित्र नेण्याची पद्धत) मल्टिकास्टवर, म्हणजे एकच प्रवाह अनेकांना देण्यावर, ठेवलं आहे, आणि १०८०पी, ६० फ्रेमचा एक प्रवाह सव्वाशे मेगाबिटच्या आसपास जातो. आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टनं कोणता प्रवाह मागितला याची नोंद ठेवणारी सोय) असलेला स्विच हा प्रवाह मागणी आलेल्या पोर्टलाच देतो. साधा स्विच तो सगळ्या पोर्टवर सोडतो. एव्हिओचं पोर्ट मात्र १०० मेगाबिटचंच असतं. मग माइककडच्या अडॅप्टरला घड्याळ जुळवणारे संदेश नीट मिळत नाहीत आणि ॲम्प्लिफायरकडच्या अडॅप्टरला आवाजाची पॅकेट मिळत नाहीत. आपल्या ऑपरेटरनं लेटन्सी (आवाज पोहोचायला दिलेला वेळ) १ वरून ५ मिलिसेकंद करून पाहिली, तरी फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण भरलेल्या पोर्टवर पॅकेट नुसती उशिरा येत नाहीत, गळून जातात.

नुसता आवाज असता तर साधा गिगाबिट स्विचही चालला असता. खर्च आवाज आणि चित्र एकत्र नेण्यासाठी आहे.

मूळ स्विच दुरुस्त होऊन आला की किंवा दुसरा मॅनेज्ड स्विच घेतलात की आयजीएमपी स्नूपिंग सुरू करा आणि त्याबरोबर क्वेरियरही (मागणी अजून आहे का हे ठरावीक वेळानं विचारणारी सोय) सुरू करा. हे दुसरं हमखास राहून जातं. क्वेरियर नसेल तर चित्र व्यवस्थित सुरू होतं आणि साधारण २६० सेकंदांनी पडदा काळा होतो, कारण तेवढ्या वेळात मागणीची नोंद पुन्हा झाली नाही तर स्विच ती पुसून टाकतो. चाचणी दोन मिनिटांत आटोपली तर हा दोष सापडतच नाही, म्हणून निदान दहा मिनिटं चित्र चालू ठेवा. डांटेच्या सगळ्या पोर्टवर वीज वाचवणारी ईईई सुविधा बंद करा. क्यूओएसमध्ये (कोणत्या पॅकेटला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्य क्रमांक) ५६ म्हणजे घड्याळ सगळ्यात वर, त्याखाली ४६ म्हणजे आवाज, बाकी सगळं त्यानंतर.

आता परत येणारा आवाज. दुतर्फा जोडणी म्हणजे खरं तर दोन वेगळ्या एकतर्फी जोडण्या. छोट्या हॉलचे माइक मिक्सरकडे येतात आणि मिक्सरकडून त्या हॉलच्या स्पीकरला वेगळा मिक्स जातो. या मिक्समध्ये त्या हॉलचे स्वतःचे माइक सोडून बाकी सगळं असायला हवं. तोच ऑक्स ५ वर (मिक्सरच्या वेगळ्या मिक्सच्या आउटपुटवर) बांधलेला आहे. आपल्या स्क्रीनशॉटमध्ये छोट्या हॉलच्या रिसीव्हरला ऑक्स ५ ऐवजी मेन एल (मुख्य मिक्सचा डावा आउटपुट) जोडलेला दिसतो. मेनमध्ये प्रश्नकर्त्याचा माइकही असतो, त्यामुळे तो फिरून त्याच्याच हॉलमध्ये वाजला. आवाज वाढवला असता तर शिट्टीही सुरू झाली असती.

हे बदलायला आमच्या माणसाची गरज नाही, आणि ती पडू नये हे आपलं म्हणणं रास्तच आहे. डांटे कंट्रोलर (या जोडण्या बदलण्याचं सॉफ्टवेअर) मोफत आहे. लॅपटॉप केबलनं त्याच स्विचला जोडा. रूटिंगच्या तक्त्यात वर पाठवणारे, डावीकडे घेणारे. ऑक्स ५ आणि छोट्या हॉलचा स्पीकर यांच्या चौकटीवर क्लिक केलं की जुनी जोडणी सुटते, नवी बसते. हिरवी खूण आली की झालं. जोडण्या उपकरणांतच साठतात, लॅपटॉप नंतर काढून घ्या. 'दोन्ही हॉल' आणि 'फक्त मोठा हॉल' असे दोन प्रीसेट फाइल मेनूतून साठवलेत, तर पाहुण्या ऑपरेटरनं काहीही बदललं तरी एका लोडनं पूर्ववत होतं.

व्यासपीठाच्या माइकचा मल्टिकास्ट फ्लो (आवाजाचा प्रवाह) मात्र पुसू नका. एव्हिओ एकावेळी दोनच फ्लो पाठवतो, आणि हा माइक मिक्सर, रेकॉर्डिंग व छोटा हॉल अशा तीन ठिकाणी जातो. मल्टिकास्ट काढला तर तिसऱ्या जोडणीवर 'नो मोअर फ्लोज' अशी चूक दिसेल.

कार्यक्रमाआधी क्लॉक स्टेटसमध्ये एकच लीडर (ज्याच्या घड्याळाशी बाकी सगळे जुळतात ते उपकरण) आहे ना, आणि सगळी उपकरणं ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर (आवाजाचे नमुने घेण्याच्या वेगावर) आहेत ना, तेवढं पाहा. बाहेरून आलेला एखादा मिक्सर ४४.१ वर असेल तर त्याची जोडणी होणारच नाही. स्विचच्या सेटिंगची फाइल आपल्या ईमेलवर पाठवली आहे. ती त्याच मॉडेलवर चालेल, दुसरं मॉडेल घेतलंत तर वरच्या सेटिंग हातानं भराव्या लागतील. त्या वेळी फोन करा, स्क्रीन शेअर करून सोबत भरू.