माझा प्लास्टिकचा डबा आणि तुमची चुन्याची डबी

आमच्या वहिनीला गेल्या पावसाळ्यात स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, आता डोक्यावर बारीक कुरळे केस उगवायला लागलेत आणि त्या केसांचं तिला भारी कौतुक आहे. आजाराचं काय ते डॉक्टर बघतायत. माझं डोकं फिरलंय ते तिला भेटायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे.

येतात. हातात शहाळं किंवा अर्धा डझन मोसंबी. पहिली पाच मिनिटं "काळजी घे हो", "हिंमत सोडू नकोस". मग नजर हळूच स्वयंपाकघराकडे वळते आणि पंचनामा सुरू होतो. "मायक्रोवेव्ह आहे ना तुमच्याकडे?" "नॉनस्टिक वापरायचीस?" "ऑफिसला डबा प्लास्टिकचाच न्यायचीस की काय?" एका मावशींनी तर स्वतः उठून फ्रीज उघडला, सॉसची बाटली काढली, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, काही वाचता आलं नाही, तरी मान हलवून म्हणाल्या, "हेच. हेच ते."

अहो, काय हेच ते? डॉक्टरांनी तिला पहिल्याच भेटीत सांगितलंय की एकेका पेशंटमध्ये अमुक एका गोष्टीने झाला असं बोट ठेवून दाखवता येत नाही. वय असतं, जनुकं असतात, हार्मोन असतात, आणि पुष्कळदा नुसतं नशीब असतं. पण आपल्याकडे आजारी बाईला दोष दिल्याशिवाय भेट पूर्ण होतच नाही. पूर्वी "काहीतरी पाप केलं असेल" म्हणायचे, आता "काहीतरी केमिकल खाल्लं असेल" म्हणतात. आणि मायक्रोवेव्हचं म्हणाल तर त्यातल्या लहरी अन्नातलं पाणी हलवून तापवतात, बस. त्या लहरींनी अन्नात किरणोत्सर्ग होत नाही. तापवायला प्लास्टिकचं भांडं ठेवू नये हे खरं, ती काचेचंच ठेवायची. पण हे ऐकायला थांबतंय कोण?

आता नानाकाका. आमच्या बाबांचे चुलतभाऊ. दर रविवारी हजर. सोफ्यावर बसायचं, खिशातून पुडी काढायची, चुन्याची डबी काढायची, डाव्या तळव्यावर अंगठ्याने मळत मळत सुरू करायचं, "पोरींनो, आजकाल सगळ्यात केमिकल. दुधात केमिकल, भाजीत केमिकल. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मग टाळी मारून धूळ उडवायची, आमच्या तोंडावर, आणि बार ओठाखाली सरकवायचा. पुढचं भाषण मान वर करून, कारण खाली केली तर ओघळ येईल.

तुमच्या त्या बारात काय आहे, नाना? तंबाखूतली नायट्रोसमाइन्स आहेत, जी माणसात कॅन्सर करतात याबद्दल वादच उरलेला नाही. नुसती सुपारीसुद्धा त्याच पंगतीत आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ माणसं तंबाखू ओढत तरी होती नाहीतर चघळत तरी होती. म्हणजे चौघांत एक. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर माळा लटकलेल्या आहेत, झेंडूच्या असाव्यात तशा. विदर्भात खर्रा, इकडे मावा, आजीच्या पिढीत दातांना मिश्री. याबद्दल आमच्या फॅमिली ग्रुपवर आजवर एक मेसेज आलेला नाही. एक नाही! आणि मेसेज तर दिवसाला चाळीस येतात.

त्या मेसेजचं तर विचारूच नका. "जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, अमुक पदार्थाने कॅन्सर!!!" तीन उद्गारचिन्हं, खाली एक लाल बाण. मी वैतागून शोधत बसले तेव्हा कळलं की आयएआरसी नावाची त्यांची एक संस्था आहे, फ्रान्समध्ये ल्याँला. ती फक्त एवढंच ठरवते की एखादी गोष्ट कॅन्सर करू शकते याचा पुरावा किती पक्का आहे, आणि त्यावरून गट पाडते. किती खाल्लं तर किती धोका, हे त्या गटावरून कळतच नाही. म्हणून सिगारेट आणि सॉसेज-सलामी एकाच गटात बसतात, याचा अर्थ सलामीचा एक काप म्हणजे एक सिगारेट असा होत नाही. 'कदाचित कॅन्सर करत असेल' वाल्या गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. हो, कोरफड! जिचा रस आमच्या ग्रुपवर कॅन्सरवरचा रामबाण म्हणून फिरतो. २०२३ मध्ये त्याच गटात डाएट पेयांत साखरेऐवजी घालतात ते अ‍ॅस्पार्टेम गेलं, तेव्हा सोबत हेही सांगितलं होतं की ७० किलोच्या माणसाला रोजची सुरक्षित मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन डाएट पेय प्यावं लागेल. ते वाक्य फॉरवर्ड करताना कुठे गळतं देव जाणे.

सकाळी भीती, संध्याकाळी उपाय. गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या गाठी मरतात, असा मेसेज टाटा हॉस्पिटलच्या संचालकांच्या नावावर फिरला आणि बिचाऱ्या हॉस्पिटलला खुलासा करावा लागला. २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने पत्नी लिंबू, हळद, कडुलिंबाने बरी झाल्याचं जाहीर केलं, तर टाटाच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना सही करून सांगावं लागलं की बाबांनो, याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. ज्यांनी पेशंट बघायचे त्यांनी खुलासे लिहायचे!

बरं, म्हणजे बाजारात सगळं आलबेल आहे असं मी म्हणतेय का? मुळीच नाही, आणि खरा संताप तर तिथेच आहे. पावात पोटॅशियम ब्रोमेट, म्हणजे पाव फुगवायचं आणि कॅन्सरचा संशय असलेलं रसायन, घालायला २०१६ पर्यंत परवानगी होती, दिल्लीच्या एका संस्थेने पाव तपासून ओरडा केला तेव्हा कुठे काढलं. वडापाव वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नात उतरते, असं सरकारी सूचनापत्रक २०१६ मध्ये निघालं. आमचा वडापाववाला आजही कालच्या संपादकीयात वडा गुंडाळून देतो. कार्बाईडने आंबा पिकवायला बंदी आहे, आणि आंबेवाल्याला विचारा, "दादा, कार्बाईडचा नाही ना?" तो काय "आहे ताई, दोन डझन देऊ?" म्हणणार आहे? "आपल्याकडे अढीतलाच असतो" म्हणतो. मी पेटीतल्या पेंढ्याचा वास घेते, जशी काही मी प्रयोगशाळाच.

२०२४ मध्ये हाँगकाँगने आपल्याकडच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायला वापरतात तो कॅन्सरकारक वायू, सापडला म्हणून त्यांची विक्री थांबवली. इथिलीन ऑक्साइड! ते मला मिसळणाच्या डब्यातल्या चमच्यावर कसं दिसणार? तिकडच्या तपासनिसाला सापडतं, मग इकडे वर्षानुवर्षं तेच कालवणात घालणाऱ्या बाईला "तू नीट बघून घेत जा" म्हणायचं? बघायचं काम कोणाचं आहे? ज्यांच्याकडे यंत्रं आहेत, पगार आहे, छापा घालायचा अधिकार आहे, त्यांचं. पण सगळं येऊन पडतं ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईवर. द्राक्षं सोड्याच्या पाण्यात बुडव, डबे बदल, लोखंडी तवा आण, ऑर्गॅनिक घे. ऑर्गॅनिकचा भाव बघितलाय?

आणि द्राक्षं धुताना मला दर वेळी यवतमाळ आठवतं. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आपण सालीवर काय राहिलं म्हणून घाबरतो, त्यांच्या पाठीवर तर पंपच होता.

परवा रात्री वहिनी भांडी लावता लावता थांबली. हातात तोच निळ्या झाकणाचा डबा. म्हणाली, "खरंच या डब्याने झालं असेल का गं?" शिकलेली बाई, बँकेत अधिकारी, सगळे रिपोर्ट स्वतः वाचणारी. एवढ्या लोकांनी एवढ्यांदा विचारल्यावर तिच्याही मनात शिरलंच ना ते. मी कितीही "वेडी आहेस का" म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी तिने सगळे डबे काढून भंगारवाल्याला दिले.

या रविवारी नाना आले. स्टीलचे डबे बघून खूश झाले. "शाब्बास. आता एक लक्षात ठेव, पोरी, काहीही घेताना पाकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचायचं." आणि खिशातून पुडी काढली. तिच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या जबड्याचा फोटो होता. तो त्यांनी अंगठ्याखाली दाबला आणि कोपरा फाडला.